कठीण टाइल आणि दगड: घरच्या घरी स्वच्छ भोक कसे पाडावे?

खटपट्या

न्हाणीघराच्या भिंतीवर आरसा आणि टॉवेलची दांडी बसवायची म्हणून मी परवा ड्रिल मशीन बाहेर काढले. एकूण सहा भोके पाडायची होती. त्यांपैकी पहिल्याच भोकाने माझा असा पाणउतारा केला की, उरलेल्या पाचांना हात घालण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावे असे ठरवले.

घडले ते असे. भिंतीवर व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. वीट-काँक्रीटसाठी वापरतात ते कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण अशा संयुगाच्या, टोकाचे ६ मिमीचे नवे बिट (मशीनला लावायचा भोक पाडणारा दांडा) मी लावले आणि खुणेवर टेकवून मशीन सुरू केले. टोक तत्काळ घसरले आणि टाइलवर धनुष्याच्या आकाराचा एक ओरखडा उमटला, जो आता रोज दात घासताना मला दर्शन देतो. दुसऱ्या खेपेस टोक जागेवर राहिले, पण दहा मिनिटे रेटूनही एका पांढरट ठिपक्यापलीकडे प्रगती झाली नाही. बिटाचे टोक मात्र निळे-काळे पडले. मग माझा संयम सुटला. हॅमरचे, म्हणजे फिरण्याबरोबर ठोकेही देणारे, बटण दाबले, अंगाचा सारा भार मशीनवर टाकला आणि भोक पडले. त्याच क्षणी भोकापासून टाइलच्या कोपऱ्यापर्यंत तडाही गेला.

मला न सुटलेले कोडे असे की, याच मशीनने आणि अशाच बिटाने काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातील पांढऱ्या टाइल्सना मी अर्ध्या मिनिटात भोके पाडली होती. तेव्हा दोष मशीनचा, बिटाचा, टाइलचा की माझ्या हाताचा? पुढे ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये नळासाठी ३५ मिमीचे भोकही पाडायचे आहे. ते स्वतः करण्याचे धाडस करावे का, हेही सांगावे.

ओळंबा

हॅमर बंद ठेवावा. बाकीचे सविस्तर लिहिणारे मागून येतीलच.

पाचर

खटपट्या, तुमच्या दोन्ही अनुभवांतला फरक टाइलच्या जातीत आहे. स्वयंपाकघरातल्या त्या पांढऱ्या टाइल्स बहुधा साध्या सिरॅमिकच्या असाव्यात. वर काचेसारख्या चकाकीचा पातळ थर आणि आत मऊ, सच्छिद्र माती, अशी त्यांची रचना असते. भिंतीच्या अशा टाइल्स आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकतात. तो वरचा थर एकदा फुटला की आतली माती कार्बाइडला विरोध करत नाही. व्हिट्रिफाइड टाइल साधारण १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली असते, तिचे कण वितळून एकमेकांत मिसळलेले असतात आणि तिची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्यांहून कमी असते. म्हणजे तिला आरपार कठीण काचदगड समजावे.

घरात शिल्लक तुकडा असल्यास त्याच्या मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. थेंब लगेच मुरला तर मऊ जात. तसाच बसून राहिला तर कार्बाइड बाजूला ठेवून हिऱ्याचे बिट आणावे. सिरॅमिकसाठी भाल्याच्या फाळासारखे टोक असलेले कार्बाइडचे बिट मिळते, ते उत्तम चालते. मात्र व्हिट्रिफाइडवर तेही एका-दोन भोकांत मान टाकते.

निरुद्योगी

माझी पद्धत सर्वांत स्वच्छ आहे. आरसा जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवावा आणि स्वतः खाली बसून दाढी करावी. आजवर एकाही टाइलला तडा गेलेला नाही.

भूगर्भ

पाचर यांच्या म्हणण्याला खनिजशास्त्राची थोडी जोड देतो. फ्रिडरिश मोह्‍स यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची जी श्रेणी मांडली, तिच्यात कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर, क्वार्ट्‌झ ७ वर, कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर आहे. संगमरवर म्हणजे प्रामुख्याने कॅल्साइट, म्हणून तो कार्बाइडला सहज वश होतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार यांचे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, आणि व्हिट्रिफाइड टाइलमध्येही क्वार्ट्‌झचे कण असतात. कडक केलेल्या पोलादाचा कठीणपणाही याच पातळीच्या आगेमागे असल्याने नुसते पोलादी बिट तेथे निरुपयोगी ठरते.

एक सावधगिरी बाळगावी. ही श्रेणी केवळ क्रम सांगते. कोण कोणावर ओरखडा काढतो एवढेच तिच्यातून कळते. ९ आणि १० यांतले अंतर ८ आणि ९ यांतल्या अंतराएवढे नसते. प्रत्यक्ष मोजमापात हिरा कुरुंदापेक्षा सुमारे चौपट कठीण भरतो.

शंकेखोर

येथे माझी गाडी अडली. टंगस्टन कार्बाइड ९ च्या जवळपास असते असे वाचले आहे. टाइल ७. मग ९ ने ७ ला हरवायला हवे होते. खटपट्यांच्या बिटाचे टोकच का निळे पडले?

भूगर्भ

शंका रास्त आहे. कठीणपणा ही एक गोष्ट आणि काम करण्याची रीत ही दुसरी. खटपट्यांनी वापरलेल्या बिटाचे टोक घराच्या छपरासारखे बोथट असते, कारण ते हॅमरच्या ठोक्यांनी विटेचा चुरा करण्यासाठी घडवलेले असते आणि कापणे हे त्याचे कामच नव्हे. ठोके नसतील तर ते टाइलवर नुसते घासत राहते. टाइल उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे घर्षणाची सारी उष्णता बिटाच्या टोकात साठते. कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात आणि तो तुकडा पोलादी दांड्याला डाख देऊन बसवलेला असतो. कोबाल्टची पकड तापाने ढिली होते, कडा गोल होतात आणि कधीकधी डाख सुटून टोकच गळून पडते. निळा रंग हा तापलेल्या पोलादावर चढलेला ऑक्साइडचा थर आहे. आणि ठोके दिले तर काय होते, ते खटपट्यांनी पाहिलेच आहे. कठीण पदार्थ बहुधा ठिसूळही असतो. धक्का त्याला पचवता येत नाही, तो तड्याच्या रूपाने बाहेर पडतो.

हिऱ्याचे बिट टाइल कापतही नाही आणि फोडतही नाही. ते ती झिजवते. पोकळ नळीच्या कडेवर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात आणि प्रत्येक कण आपापला सूक्ष्म ओरखडा काढत जातो.

सामता

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो, कारण हिऱ्याचे बिट आणूनही पहिल्या दहा सेकंदांत काम बिघडवणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत एकेकाळी मीही होतो.

पहिली अडचण सुरुवातीची. पोकळ बिटाला मध्ये टोक नसते, म्हणून ते गुळगुळीत टाइलवर भिरभिरत जाते. यावर दोन उपाय आहेत. एक असा की, मशीन भिंतीशी साधारण ४५ अंशांत तिरके धरावे, बिटाची फक्त खालची कड टेकवावी, हळू फिरवून चंद्रकोरीसारखी खाच पाडावी आणि मग बिट फिरत असतानाच मशीन सावकाश सरळ करत आणावे. खाच पूर्ण वर्तुळ झाली की बिट कोठेही जात नाही. दुसरा उपाय अधिक भरवशाचा आहे. प्लायवुडच्या तुकड्याला त्याच मापाचे भोक पाडावे, तो तुकडा दुपदरी चिकटपट्टीने टाइलवर पक्का बसवावा आणि त्या भोकातून बिट चालवावे. खाच अर्धा-एक मिलिमीटर झाली की तुकडा काढून घ्यावा, कारण तो राहिला तर पाणी आत पोहोचत नाही. मास्किंग टेप लावल्याने घसरणे कमी होते आणि पेन्सिलीची खूणही स्पष्ट दिसते, पण केवळ टेपच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट वेगाची. ६ मिमीच्या बिटाला मिनिटाला साधारण हजाराच्या आसपास फेरे पुरतात, ३५ मिमीच्या बिटाला तीनशे ते पाचशे. एकाच फेऱ्यात मोठ्या बिटाची कड जवळजवळ सहापट अंतर कापते, हे विसरून लोक मोठे बिटही पूर्ण वेगाने फिरवतात आणि जाळून टाकतात.

तिसरे पाणी. बहुतेक स्वस्त हिरेबिटांत हिऱ्याचे कण निकेलच्या एका पातळ थराने चिकटवलेले असतात. तो एकच थर असतो. तो गेला की उरते ती नुसती पोलादी नळी. हवेत साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे हिरा स्वतःच जळू लागतो, आणि कोरड्या टाइलवर घासणाऱ्या कडेला तापायला वेळ लागत नाही. म्हणून पाणी सतत हवे. भिंतीवर दुसऱ्या माणसाने फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारावे, किंवा खुणेच्या वरच्या बाजूला ओला स्पंज दाबून धरावा. आडव्या दगडावर खुणेभोवती मऊ मातीचे किंवा पुट्टीचे आळे करून त्यात पाणी भरावे.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हात आवरणे. मशीनच्या वजनापेक्षा थोडाच अधिक दाब द्यावा. दर दहा-पंधरा सेकंदांनी बिट किंचित बाहेर घ्यावे, म्हणजे आतला पांढरा गाळ वाहून जाईल आणि ताजे पाणी आत शिरेल. सरळ रेषेत दाबून न ठेवता हात अगदी सूक्ष्म गोलाकार हलवत राहिल्यास गाळाला वाट मिळते. चांगल्या बिटाने ६ मिमीच्या एका भोकाला दोन-तीन मिनिटे लागली तर ती लागू द्यावीत. टाइलची मागची बाजू जवळ आली की आवाज बदलतो. तेव्हा दाब निम्म्यावर आणावा. मागचा टवका उडतो तो याच वेळी, घिसाडघाईमुळे.

गुण्या

सामता यांच्या प्रतिसादातील पाण्याविषयीच्या आग्रहाशी मी असहमत आहे. विजेच्या तारेवर चालणारे मशीन, समोर वाहते पाणी आणि पाय ओल्या फरशीवर, हा संयोग मला टाइलच्या तड्यापेक्षा अधिक चिंतेचा वाटतो. निर्वात भट्टीत डाख देऊन हिरे बसवलेली, एम १४ (१४ मिमी व्यासाच्या) आट्यांची, पाण्याविना चालणारी कोरडी बिटे मिळतात. ती अँगल ग्राइंडरवर लावावीत. मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांनी व्हिट्रिफाइड टाइलमध्ये भोक अर्ध्या मिनिटाच्या आत पडते आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. व्यावसायिक कारागीर बहुतांशी हेच करतात.

सामता

गुण्या, तुमची पद्धत चूक आहे असे मी म्हणणार नाही. ती कसलेल्या हाताची आहे. ग्राइंडरला हळू चालणे ठाऊक नसते आणि त्याला दोन्ही हातांनी तिरके धरून सुरुवात करताना झटका बसला तर भोक एकीकडे आणि ओरखडा दुसरीकडे जातो. ज्यांनी परवा पहिल्यांदा टाइल फोडली, त्यांनी आज ग्राइंडर उचलावा असे मी सुचवणार नाही. विजेबाबतचा तुमचा मुद्दा मात्र पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या प्रतिसादात राहून गेला. बॅटरीवरचे मशीन असेल तर प्रश्नच मिटतो. तारेचेच असेल तर त्या सॉकेटच्या मागे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवाच, आणि मशीनखाली पाणी जाणार नाही अशी मांडणी हवी. भिंतीवर पाणी खाली ओघळते आणि मशीन खुणेच्या पातळीत असते, त्यामुळे थोडक्या फवाऱ्याने ते सहसा भिजत नाही. डोक्याच्या वर भोक पाडायचे असल्यास मात्र गोष्ट वेगळी.

गुण्या

एवढे मान्य केलेत, आता मीही एक मान्य करतो. माझे पहिले कोरडे बिट मी एका जागी दाबून धरून जाळले होते. कोरड्या बिटालाही दर काही सेकंदांनी बाहेर काढून हवा द्यावी लागते. काही बिटांत मेण भरलेले असते. ते वितळून थंडावा देते, पण म्हणून सलग चालवता येते असे नाही.

थापी

कोरड्या पद्धतीच्या समर्थनात धुळीचा उल्लेख कोठेच आला नाही, म्हणून लिहीत आहे. ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल आणि विशेषतः ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम क्वार्ट्‌झ दगड यांच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून निघत नाहीत. सिलिकोसिस हा त्यातून होणारा आजार बरा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेत २०१६ मध्ये कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणण्यात आली. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्‌झ दगडाच्या वापरावरच बंदी घातली, कारण तो कापणाऱ्या तरुण कारागिरांत हा आजार झपाट्याने दिसू लागला होता.

घरी सहा भोके पाडणाऱ्याची तुलना रोज दगड कापणाऱ्याशी होत नाही, हे मला कळते. तरीही बंद न्हाणीघरात ग्राइंडरने उडवलेली धूळ थोडी नसते. पाणी बिट थंड ठेवते हे सर्वांनी सांगितले. ते धूळ जागच्या जागी बसवते, हे माझ्या लेखी अधिक महत्त्वाचे आहे. कोरडेच करायचे असेल तर एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा मास्क घालावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी. तोंडाला रुमाल बांधण्याने फक्त समाधान मिळते. चश्मा दोन्ही पद्धतींत हवा.

निरुद्योगी

जमिनीवर बसून दाढी करण्यात सिलिका नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

शंकेखोर

सामता हे नाव कशावरून घेतले आहे? मला तो शब्द लाकूडकामातला आठवतो.

सामता

बरोबर ओळखलेत. दोरीने किंवा कमानीने फिरवून लाकडाला भोक पाडायचे जुने सुताराचे हत्यार, ते सामता. त्यावरून आठवले की, नळीच्या कडेने दगड झिजवण्याची युक्ती आजची नाही. प्राचीन इजिप्तमध्ये तांब्याची नळी आणि वाळू यांच्या साहाय्याने ग्रॅनाइटला भोके पाडत. तांबे ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी मऊ. खरे काम वाळूतला क्वार्ट्‌झ करत असे आणि तांबे फक्त त्याला गोल फिरवत असे. इजिप्तच्या प्राचीन अवशेषांचे अभ्यासक फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा भोकांतून निघालेल्या दगडी गाभ्यांचे वर्णन आहे. तुमच्या ३५ मिमीच्या बिटातून जी ग्रॅनाइटची चकती निघेल, ती त्याच घराण्यातली.

भूगर्भ

या अवांतराला माझीही पुस्ती. सिंधू संस्कृतीतले कारागीर अकीकाच्या लांब मण्यांना आरपार भोके पाडत. अकीक हा क्वार्ट्‌झचाच प्रकार, म्हणजे ७ च्या आसपास. त्यासाठी वापरलेली खास कठीण दगडाची बारीक टोके चन्हुदडो आणि धोलावीरा येथे सापडली आहेत. प्रायोगिक पुनर्निर्मितीत एकेका मण्याला दिवस लागले. खटपट्यांच्या दहा मिनिटांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे.

नवशिकी

मी कारागीर नाही. गेल्या वर्षभरात घरातील वीस-बावीस भोके स्वतः पाडली, तेवढाच अधिकार. वर कोणी न सांगितलेल्या दोन गोष्टी लिहिते.

माझे बिट चौथ्या भोकानंतर अचानक चालेनासे झाले. फिरत होते, पाणी होते, पण गाळ पांढरा न येता नुसते स्वच्छ पाणी ओघळत होते. हिरे संपले असे समजून मी ते फेकणारच होते. मग कळले की, अति वेगामुळे आणि कमी दाबामुळे कडेवर गुळगुळीत थर चढतो आणि हिऱ्यांची टोके झाकली जातात. जुन्या मऊ विटेत पाणी घालून दोन-तीनदा ते बिट चालवले आणि पुन्हा पांढरा गाळ येऊ लागला. म्हणजे दाब अति नको तसा अगदी नगण्यही नको. गाळाच्या रंगावर लक्ष ठेवावे: पांढरट दुधासारखा असेल तर काम चालू आहे.

दुसरी गोष्ट, बिटात अडकलेला गाभा. तो तसाच ठेवून पुढचे भोक सुरू केले की बिट टेकतच नाही. बिटाच्या बाजूच्या खिडकीतून खिळ्याने तो ढकलून काढावा. मी एकदा हातोडीने ठोकून काढायला गेले आणि नळी चेपली.

पाचर

भोक पडले म्हणजे काम झाले असे नव्हे, टाइल बहुधा त्यानंतर फुटते. प्लग, म्हणजे स्क्रू पकडून ठेवण्यासाठी भोकात बसवायची नळी, टाइलच्या जाडीतच राहिला आणि स्क्रू आवळला की तो फुगून टाइलला आतून पाचर मारतो. (माझे नाव येथे अपशकुनी ठरते.) १९११ मध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी काढलेला तंतूंचा प्लग असो किंवा आर्टुर फिशर यांचा १९५८ चा नायलॉनचा, दोन्हींचे तत्त्व फुगण्याचेच आहे. म्हणून प्लग टाइल आणि तिच्यामागचा मसाला ओलांडून भिंतीत जायला हवा. हिशेब असा करावा: टाइल १० मिमी, मसाला ५ मिमी, दांडीची पट्टी ३ मिमी आणि प्लग ४० मिमी, तर स्क्रू निदान ५८ मिमीचा हवा, म्हणजे बाजारात मिळणारा ६० मिमीचा घ्यावा. भोक टाइलच्या पृष्ठभागापासून ६५ मिमी खोल पाडावे आणि बिटावर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळून खूण करावी.

६ मिमीचा प्लग असेल तर टाइलला ८ मिमीचे भोक पाडावे. पुढे भिंतीसाठी ६ मिमीचे कार्बाइड बिट लावल्यावर ते टाइलच्या कडेला शिवत नाही. हॅमर वापरायचाच असेल तर तो येथे, टाइल पूर्ण ओलांडल्यावर, आणि तोही बेताने. हिऱ्याचे बिट मात्र टाइलपुरतेच ठेवावे. काँक्रीटमधल्या लोखंडी सळईला लागले तर ते तेथेच संपते.

जुनी_लादी

सांध्यात भोक पाडावे, टाइलला हातच लावू नये, असा सल्ला मला मिळाला होता आणि मी तो पाळला. सांधा ३ मिमीचा, बिट ६ मिमीचे. त्यामुळे एकाच फटक्यात दोन्ही बाजूंच्या दोन टाइल्सच्या कडांचे टवके उडाले.

पाचर

सांधा बिटापेक्षा रुंद असेल तरच तो सल्ला ठीक. एरवी कडेपासून निदान २० ते २५ मिमी आत यावे, कारण कड हा टाइलचा सर्वांत दुबळा भाग असतो. शक्य असेल तेथे टाइलच्या मध्याकडे सरकावे.

ओळंबा

भोकाची जागा ठरवण्यापूर्वी बोटाच्या पेराने टाइल वाजवून पाहावी. बद्द वाजली तर मागे मसाला नाही, पोकळी आहे. तेथे हलक्या दाबानेही तडा जाईल. तसेच स्विचच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर भोक पाडू नये, कारण वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषेत भिंतीत गेलेले असतात. शोधक यंत्र असेल तर फिरवावे. न्हाणीघरात स्क्रू बसवण्यापूर्वी भोकात थोडे सिलिकॉन भरावे, म्हणजे टाइलमागे पाणी मुरणार नाही. खटपट्यांच्या तडा गेलेल्या टाइलसाठीही तेच: तड्यात पातळ इपॉक्सी मुरवावी. प्लग भिंतीत खोल असेल तर भार भिंतच घेईल.

गुण्या

ग्रॅनाइटच्या ३५ मिमीच्या भोकाचे उत्तर राहिले. धाडस करावे, पण आधी आकडे पाहावेत. ३५ मिमीचे पूर्ण भोक झिजवायचे तर ९६२ चौरस मिमी दगडाचा भुगा करावा लागेल. २ मिमी जाडीच्या कडेचे पोकळ बिट केवळ २०७ चौरस मिमीचे कडे झिजवते, म्हणजे सुमारे एकपंचमांश. तरीही २० मिमी जाडीच्या ग्रॅनाइटला साध्या ड्रिलने बराच वेळ लागेल. मशीन तापले तर थांबावे. ओट्याखाली फळीचा टेकू देऊन ती घट्ट आवळावी, म्हणजे शेवटच्या मिलिमीटरला खालचा टवका उडत नाही आणि चकती खालच्या कपाटावर पडत नाही. दगड सुटा असेल तर अर्ध्यापर्यंत वरून आणि अर्धे खालून पाडणे उत्तम. त्यासाठी मधोमध बारीक मार्गदर्शक भोक आधी आरपार पाडून घ्यावे. आणि हो, येथे पाणीच वापरावे. थापी यांनी माझे मत बदलले.

जुनी_लादी

संगमरवरासाठी हेच सारे लागू होते का?

भूगर्भ

संगमरवर मऊ आहे, कार्बाइडचे धारदार बिट पुरते. हॅमर मात्र वर्ज्य, कारण शिरांच्या रेषेत तो फाटतो. त्याचे शत्रू वेगळे आहेत. थंडाव्यासाठी तेल वापरू नये, डाग आत मुरतो. लोखंडाच्या भुग्याचा गाळ वाळू दिला तर गंजाचा पिवळा डाग पडतो, म्हणून लगेच धुवावे, आणि धुताना आम्ल असलेला क्लीनर घेऊ नये, कारण कॅल्साइट आम्लात विरघळतो व झिलई जाते. पाटीच्या दगडासारखा थरांचा दगड असेल तर मागून आधार देणे अधिकच गरजेचे, कारण त्याचे पापुद्रे सुटतात.

कोणी आरशाबरोबर काचेची फळीही बसवणार असेल तर एक इशारा: टफन केलेल्या (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या) काचेला भोक पाडता येत नाही. कोणत्याही बिटाने, कितीही पाण्याने. तिचे तुकडेच होतात.

खटपट्या

दोन आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे मनापासून आभार.

८ मिमीचे हिऱ्याचे बिट, प्लायवुडचा तुकडा, बॅटरीचे मशीन आणि फवारा धरायला चिरंजीव, अशा तयारीने उरलेली पाच भोके पाडली. पहिल्याला चार मिनिटे लागली, कारण मी भीतीपोटी दाबच देत नव्हतो. नवशिकी यांचे स्वच्छ पाण्याचे लक्षण अगदी तसेच दिसले. दाब किंचित वाढवल्यावर दुधासारखा गाळ आला आणि पुढची भोके दोन-दोन मिनिटांत झाली. चौथ्याच्या वेळी बिट मंदावले, ते विटेत फिरवून घेतले. एके ठिकाणी प्लायवुड लवकर काढल्यामुळे दोन मिलिमीटरचा टवका उडाला, पण तो दांडीच्या गोल पट्टीखाली झाकला गेला. तडा गेलेली टाइल आणि तो धनुष्याकृती ओरखडा आरशामागे गेले आहेत.

एक अडचण मात्र नवी आहे. भोके नमुनेदार पडली, पण आरसा टांगल्यावर एका बाजूला ४ मिमी उतरता दिसतो. मी दोन्ही खुणा टाइलच्या आडव्या सांध्यापासून मोजल्या होत्या. आता सांधाच तिरपा निघाला.

ओळंबा

सांध्याला विचारलेत, पाणसळीला विचारले नाहीत आणि मी तर येथेच होतो. असो. टाइलचे भोक आता रुंद करू नये. हिऱ्याचे बिट अर्ध्या भोकावर बसत नाही, घसरतेच. आरशाच्या वर उचलायच्या बाजूची धातूची पट्टी काढावी आणि तिचे भोक गोल कानशीने ४ मिमी खालच्या दिशेने लांबट करावे. मग मोठे वॉशर घालून, पाणसळ लावून पट्टी वर सरकवावी आणि आवळावी. लोखंड असेल तर कानस मारलेल्या जागी रंगाचा हात द्यावा.

निरुद्योगी

जमीन तिरपी असेल तर माझी पद्धतही ४ मिमीने चुकते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.